टेप आहे, यंत्र आहे, ड्रायव्हर नाही

नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटरवर धंदा केला, त्यांच्यातल्या अनेकांकडे अजूनही तळहातात मावणारी एक डबी निघते. वर पारदर्शक प्लास्टिक, खाली धातूचा जाड पत्रा, आत पाव इंच रुंदीची तपकिरी फीत आणि लेबलवर ‘डीसी-२१२०’. ही त्या काळची बॅकअप टेप. हिशेबाची पुस्तकं, ग्राहकांच्या याद्या, पुस्तकांची अक्षरजुळणी, कुणाचा प्रबंध, असं बरंच काही तिच्यात भरून ठेवलेलं असतं. टेप पुष्कळदा शाबूत असते. ती वाचणारं यंत्रही खटपट केली की जुन्या बाजारात मिळून जातं. अडतं तिसऱ्याच ठिकाणी. त्या यंत्राशी कॉम्प्युटरला बोलायला लावणारा छोटासा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सापडत नाही. आणि सापडलाच तर आजच्या कॉम्प्युटरवर चालत नाही.

पाव इंची टेपची डबी अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने १९७२ मध्ये आणली. पुढे तिचं लहान रूप आलं आणि ते छोट्या कचेऱ्यांना परवडू लागलं. कोलोरॅडो मेमरी सिस्टिम्स या कंपनीचा ‘जम्बो २५०’ हा ड्राइव्ह त्यातला बहुधा सर्वांत खपलेल्यांपैकी एक. नावात २५० असलं तरी टेपवर मावायचे १२० एमबीच. उरलेला आकडा ‘माहिती दाबून निम्मी होईल’ या भरवशावर छापलेला असे. पण ज्या काळात फ्लॉपीत १.४४ एमबी मावत आणि तेवढ्याच बॅकअपला ऐंशीहून जास्त फ्लॉप्या बदलत बसावं लागे, त्या काळात १२० एमबी एका डबीत ही मोठीच सोय होती.

या ड्राइव्हचं सगळं दुखणं त्याच्या स्वस्ताईत आहे. चांगल्या टेप ड्राइव्हला स्कझी नावाचं वेगळं कार्ड लागायचं आणि ते महाग असायचं. म्हणून या कंपन्यांनी ड्राइव्ह सरळ फ्लॉपीच्या केबलला जोडला. आता फ्लॉपीच्या कंट्रोलरला चारच गोष्टी कळतात: मोटर सुरू कर, हेड एक घर पुढे-मागे सरकव, सेक्टर वाच, सेक्टर लिही. ‘टेप गुंडाळ’, ‘बाराव्या ट्रॅकवर जा’ हे त्याच्या गावीच नाही. मग ते सांगायचं कसं? क्यूआयसी-११७ या मानकाने यावर तोड काढली. फ्लॉपीचं हेड सरकवण्यासाठी कंट्रोलर विजेचे जे ठोके पाठवतो, ते टेप ड्राइव्ह नुसते मोजतो. इतके ठोके म्हणजे अमुक हुकूम, तितके म्हणजे तमुक. ड्राइव्हचं उत्तर येतं ‘हेड शून्याव्या ट्रॅकवर आहे’ असं सांगणाऱ्या तारेवरून, एका वेळी एक बिट. टेपवरची माहितीसुद्धा फ्लॉपीसारखी सेक्टरांतच लिहिलेली असते. १०२४ बाइटांचे ३२ सेक्टर मिळून एक गट, आणि त्यातले तीन केवळ दुरुस्तीसाठी राखलेले, म्हणजे गटातले तीन सेक्टर खराब निघाले तरी मजकूर परत उभा करता येतो. तुटपुंज्या सामग्रीत केलेली ही कारागिरी आहे आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं.

पण याचा अर्थ असा की ही ठोक्यांची भाषा जाणणारा ड्रायव्हर नसेल, तर कॉम्प्युटरच्या लेखी तिथे काहीच जोडलेलं नसतं. डॉसमध्ये बॅकअपचा प्रोग्रॅम स्वतःच कंट्रोलरचा ताबा घ्यायचा, तिथे निभावलं. विंडोज ९५ मधल्या बॅकअप प्रोग्रॅमला हे ड्राइव्ह ओळखता येत. विंडोज एनटी आणि तिच्या पुढच्या पिढ्यांनी मात्र प्रोग्रॅमांना हार्डवेअरला परस्पर हात लावायला बंदी केली, आणि ते योग्यच होतं. त्यानंतर खास त्या प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर असेल तरच काम होणार होतं. आजच्या मदरबोर्डवर तर फ्लॉपीचा कंट्रोलरच नसतो. ‘यूएसबीची फ्लॉपी मिळते की’ असं अनेक जण सुचवतात. तिचा उपयोग नाही. ती बाहेरच्या जगाला फक्त तयार सेक्टर देते, ठोके तिच्यातून पलीकडे जात नाहीत. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवूनही भागत नाही, कारण तिथली फ्लॉपीही आभासीच असते. शिवाय टेप कुणासाठी थांबत नाही. कॉम्प्युटरने माहिती उचलायला क्षणभर उशीर केला की फीत पुढे निघून जाते, मग थांबायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. जुन्या फितीला अशा हिसक्यांचा फार त्रास होतो.

पुण्यातल्या एका मुद्रकांकडे हे काम मी जवळून पाहिलं. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकात पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची जुळणी होत असे. पानं छापून झाली की पेजमेकर या जुळणीच्या प्रोग्रॅमच्या फायली टेपवर जायच्या आणि हार्ड डिस्क पुढच्या अंकासाठी मोकळी व्हायची. आता एका लेखकाची जुनी पुस्तकं पुन्हा काढायची होती. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक तरुण त्यांनी गाठला. ड्राइव्ह समोर येताच त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “काका, टेप आत घालू नका.”

“अरे, रोज घालायचो.”

“तेव्हा रबर रबर होतं. आता बघा.”

त्याने चार स्क्रू काढून ड्राइव्ह उघडला. या डबीतली फीत ड्राइव्ह थेट ओढत नाही. ड्राइव्हमधली रबराची चकती डबीतल्या एका चाकाला घासून फिरते, ते चाक आतला ताणलेला पट्टा फिरवतं आणि पट्टा फितीची रिळं फिरवतो. त्या चकतीवर त्याने बोट टेकवलं तर बोट काळं झालं. तीस वर्षांत रबराचा चिकट लगदा झाला होता. तशीच टेप घातली असती तर तो लगदा डबीच्या चाकाला आणि तिथून फितीवर गेला असता, आणि मग जगातला कुठलाही ड्रायव्हर कामाचा नव्हता. त्याने रबर खरवडून काढलं, दांडी अल्कोहोलने पुसली आणि सिलिकॉनच्या नळीचा बरोबर मापाचा तुकडा तिच्यावर चढवला. हेड पुसलं. मग डबी हातात घेऊन आतला पट्टा तपासला, कारण तोही सैल पडतो किंवा मधोमध तुटतो. डबीवरची लिहिण्याला बंदी करणारी खिट्टी सरकवायला तो विसरला नाही. हे सगळं झाल्यावरच ४८६ जातीचा जुना कॉम्प्युटर टेबलावर आला.

मूळ ड्रायव्हरची फ्लॉपी मुद्रकांनी जपून ठेवली होती, लेबलवर बॉलपेनने तारीखसुद्धा होती. ती अर्ध्यावर अडकली. सुदैवाने त्याच फ्लॉपीची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या साठ्यात निघाली. मग टेप आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती पळवून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत मोकळी होते. नंतर यादी उतरली: फोल्डरांची नावं, वर्षं, प्रकरणांचे क्रमांक. काही गट वाचता आले नाहीत, बहुतेक आले.

फायली आल्या, पण उघडल्यावर पानावर मराठी नव्हतं. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी जुळणी श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींवर होत होती. इस्की हे सरकारी मानक १९९१ मध्ये आलेलं होतं खरं, पण डीटीपीच्या फाँटांत प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या घरांत आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. ठरावीक फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसते. म्हणजे ड्राइव्हला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरला जुना कॉम्प्युटर हवा, बॅकअप उलगडायला तोच प्रोग्रॅम हवा, फाइल उघडायला पेजमेकर हवा आणि अक्षर दिसायला तो फाँट हवा. यातलं एकही तुटलं तर आधीची सगळी मेहनत वाया. मुद्रकांनी फाँटच्या फ्लॉप्या टाकल्या नव्हत्या म्हणून पुस्तक मिळालं. मराठी साहित्याचं किती मोठं दशक या साखळीवर लटकलेलं आहे, याचा विचार आपल्या साहित्यसंस्थांनी केलेला मला दिसलेला नाही.

ज्यांच्याकडे ड्रायव्हरची फ्लॉपी नाही त्यांना तो शोधावा लागतो, आणि ते काम जुन्या सातबाऱ्यावरचे फेरफार उकलण्यासारखं आहे. मूळ मालक केव्हाच गेलेला असतो. कोलोरॅडो मेमरी सिस्टिम्स १९९२ मध्ये एचपीकडे गेली, आणि २०१५ मध्ये खुद्द एचपीच्याच दोन कंपन्या झाल्या. आर्काइव्ह ही टेपवाली कंपनी कॉनरने घेतली, कॉनर १९९६ मध्ये सीगेटने घेतली, सीगेटचा टेपचा विभाग वेगळा होऊन सर्टन्स झाला आणि तो २००५ मध्ये क्वांटमकडे गेला. एक्साबाइट २००६ मध्ये टँडबर्गकडे. डिट्टो ड्राइव्ह काढणारी आयोमेगा २००८ मध्ये ईएमसीकडे. प्रत्येक हस्तांतरात ‘आता कोण वापरतंय’ म्हणून ड्रायव्हरचा एखादा कप्पा रिकामा होतो. काही डझन किलोबाइटांची फाइल, ती ठेवायला काहीच खर्च नसतो. तरी ती काढून टाकली जाते.

शोधणाऱ्याने एक पथ्य पाळावं. खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. पुष्कळ कंपन्या दुसऱ्याने बनवलेला ड्राइव्ह आपल्या खोक्यात घालून विकत. आतल्या ड्राइव्हवरचा मॉडेल नंबर किंवा लेबलवरचा अमेरिकी एफसीसी क्रमांक पाहिला की खरा निर्माता कळतो, आणि मग ड्रायव्हरही त्याच्या नावाने शोधता येतो.

स्कझी ड्राइव्हवाले तुलनेने सुखी आहेत. डॅट, डीएलटी, एलटीओ हे ड्राइव्ह स्कझीवर स्वतःचं नाव सांगतात, त्यांचे हुकूम सर्वांना सारखे असतात, आणि लिनक्समधला एसटी नावाचा एकच ड्रायव्हर बहुतेकांना पुरतो. विंडोजचा हट्ट धरू नये, कारण विंडोज सर्व्हर २००८ पासून तिच्या स्वतःच्या बॅकअप प्रोग्रॅममध्ये टेपला जागाच नाही. स्कझीत धोका वेगळाच आहे. काही ड्राइव्ह उच्च व्होल्टेजच्या डिफरेन्शियल प्रकारचे असतात. प्लग तोच, पिना तितक्याच. साध्या कार्डाला असा ड्राइव्ह जोडला तर कार्ड किंवा ड्राइव्ह जळू शकतो. मागच्या बाजूचं चिन्ह पाहिल्याशिवाय केबल लावू नये.

फ्लॉपीवाल्या ड्राइव्हची लिनक्समधली कहाणी मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. लिनक्ससाठी हौशी प्रोग्रॅमरांनी एफटेप नावाचा ड्रायव्हर लिहिला होता. तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, बरीच वर्षं होता. पुढे सांभाळणारं कुणी उरलं नाही आणि २००७ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२० या आवृत्तीतून तो काढून टाकला गेला. त्यानंतर ज्यांना अशी टेप वाचायची असे ते खास जुनं लिनक्स टाकलेला एक जुना कॉम्प्युटर बाळगून राहिले. २०२५ मध्ये अशाच एका प्रोग्रॅमरने एआयची मदत घेऊन तोच ड्रायव्हर आजच्या कर्नेलवर पुन्हा चालता केला. अठरा वर्षं मेलेला ड्रायव्हर उठून बसला, कारण त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येईल असा पडून होता. कंपन्यांचे डॉस आणि विंडोजचे ड्रायव्हर असे उठणार नाहीत. त्यांचा कोड तिजोरीत होता आणि तिजोरी कुठे गेली हे वारसांनाही ठाऊक नाही. विक्री बंद झालेल्या यंत्राच्या ड्रायव्हरचा कोड आणि तांत्रिक कागद खुले करणं कंपन्यांवर बंधनकारक व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या संस्थाही या पेचातून सुटलेल्या नाहीत. अपोलोची माणसं चंद्रावर उतरवायला जागा हवी म्हणून नासाने १९६६-६७ मध्ये पाच लुनार ऑर्बिटर यानं पाठवली. यानातच फिल्म धुतली जायची, तिच्यावरून प्रकाशाचा ठिपका फिरवून चित्राचे संकेत पृथ्वीवर यायचे आणि अँपेक्स एफआर-९०० या अवजड यंत्रांवर दोन इंची फितीत उतरायचे. अशा सुमारे दीड हजार टेप जमल्या. त्या काळी तयार केलेली छायाचित्रं मूळ संकेतांच्या मानाने कितीतरी भरड होती. खरा तपशील फितीतच राहिला. ऐंशीच्या दशकात या टेप नष्ट करायची वेळ आली तेव्हा जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या नॅन्सी एव्हन्स या अधिकारीबाईंनी ते होऊ दिलं नाही. त्यांनी आणखी मोठं काम केलं. भंगारात निघालेली एफआर-९०० यंत्रं मिळवून ती आपल्या घराच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं सांभाळली. टेप नासाकडे आणि यंत्रं एका बाईंच्या गॅरेजात, अशी ती स्थिती होती.

२००७-०८ मध्ये डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांनी हे सगळं कॅलिफोर्नियात मॉफेट फील्डला आणलं. जागा मिळाली ती बंद पडलेल्या मॅकडॉनल्ड्सची. तिथे जुन्या यंत्रांचे सुटे भाग एकमेकांत घालून एक चालतं यंत्र उभं करण्यात आलं. यंत्र फिरलं तरी चित्र येईना, कारण फितीवरच्या संकेतांतून चित्र वेगळं काढणारा डीमॉड्युलेटर तयार मिळत नव्हता. आपल्या ड्रायव्हरच्या जागी तिथे तो होता. जुने तांत्रिक कागद धुंडाळून तो पुन्हा बांधावा लागला. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिलं चित्र जाहीर झालं: २३ ऑगस्ट १९६६ रोजी लुनार ऑर्बिटर-१ ने टिपलेली, चंद्राच्या क्षितिजावर उगवलेली पृथ्वी, आधी कुणी पाहिली नव्हती इतकी स्पष्ट. त्याच नासाने अपोलो-११ च्या चंद्रावरच्या थेट चित्रणाच्या मूळ टेप मात्र गमावल्या. टेपचा तुटवडा असताना त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये तिला जाहीर करावा लागला. एका ठिकाणी एव्हन्सबाई होत्या, दुसऱ्या ठिकाणी तसं कुणी नव्हतं.

ड्रायव्हरला वळसा घालण्याचा एक मार्ग आता तयार होतो आहे. २०२५ मध्ये यूटा विद्यापीठात अडगळ आवरताना सत्तरच्या दशकातली एक टेप निघाली. तिच्यावर युनिक्सची चौथी आवृत्ती होती, सी भाषेत कर्नेल लिहिलेली पहिली आवृत्ती, आणि ती संपूर्ण कुठेच उरलेली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने ती त्याच वर्षाअखेर वाचली. तिथली पद्धत अशी की ड्राइव्ह फक्त फीत फिरवायला वापरायचा, हेडवर उमटणारी कच्ची विद्युतलहर प्रत्येक ट्रॅकची वेगळी टिपून घ्यायची आणि त्यातून शून्य-एक काढायचं काम नंतर सॉफ्टवेअरने सावकाश करायचं. एकदा फिरवली की फीत परत ठेवून द्यायची. उलगडा चुकला तर सॉफ्टवेअर सुधारायचं, फितीला पुन्हा हात लावायचा नाही. थकलेल्या फितीसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

हा प्रश्न मागच्या पिढीबरोबर संपला असंही समजू नये. टेप आजही चालू आहे आणि तिची गरजही आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं सॉफ्टवेअरच्या चुकीने नाहीशी झाली तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. आता सर्वत्र एलटीओ टेप वापरतात. २००० साली पहिली आली तेव्हा तिच्यात १०० जीबी मावायचे, नवव्या पिढीच्या टेपमध्ये १८ टीबी मावतात. मात्र पूर्वी ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचायचा. आठव्या पिढीपासून फक्त मागची एक, आणि दहाव्या पिढीचा ड्राइव्ह स्वतःखेरीज कुणाचीच टेप वाचत नाही. २०१० च्या आसपास पाचव्या पिढीच्या टेपवर चित्रीकरण किंवा नोंदी ठेवलेल्या संस्थेला ती वाचायला आज जुना ड्राइव्हच हुडकावा लागेल. कायदा कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायला सांगतो. भाषेच्या, चित्रपटाच्या, विज्ञानाच्या नोंदींना आठ वर्षं म्हणजे काहीच नाही.

म्हणून दिवाळीची आवराआवर करताना जुनी टेप निघाली तर ती, तिचा ड्राइव्ह, केबल, फ्लॉप्या आणि माहितीपुस्तिका एकत्र बांधून ठेवा. ड्राइव्हचं मॉडेल, बॅकअप प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती, विंडोज की डॉस, आणि कुठले फाँट वापरले, हे एका कागदावर लिहून आत घाला. माहीतगार माणसाने ड्राइव्ह उघडून पाहिल्याशिवाय टेप आत घालू नका. वाचली की पूर्ण टेपची प्रत काढून ठेवा, नुसत्या हव्या त्या फायली नकोत.

आणि विद्यापीठांना, सी-डॅकला, साहित्यसंस्थांना एक विनंती. पुण्यात किंवा मुंबईत एका खोलीत टेप वाचण्याचं एक टेबल मांडा. चार-पाच जातींचे चालते ड्राइव्ह, दोन जुने कॉम्प्युटर, ड्रायव्हर आणि फाँट यांचा एक साठा, एवढ्याने सुरुवात होते. हे काम हाताने केलेली माणसं आज साठीच्या आसपास आहेत. त्यांना बोलवा, त्यांच्या हाताखाली दोन मुलं बसवा आणि हे टेबल येत्या वर्षात सुरू करा.